शाम्पूतलं पॅराबेन राहू दे, आधी त्या बिनलेबलच्या डबीचं बोलू

तुझा मेसेज मी दोनदा वाचला. मे महिन्यात लग्न आहे, मोबाइलवर कुठलंतरी ॲप घेऊन घरातला शाम्पू, लोशन, लिपस्टिक सगळं स्कॅन केलंस, पॅराबेन (माल टिकवायचं रसायन) आणि सल्फेट (फेस आणणारं) लाल रंगात दिसलं म्हणून सगळं कचऱ्यात टाकायला निघालीयस, आणि मग एकदम शेवटी, सहज सांगितल्यासारखं, की चार महिने झाले मैत्रिणीनं आणून दिलेली एक नाइट क्रीम लावतीयस, डबीवर काहीच छापलेलं नाही म्हणून ॲपमध्ये ती सापडली नाही, पण रंग मात्र झकास उजळलाय आणि आता आई पण तीच लावतीय. शिवाय आईच्या कपाळावर कुंकवाच्या जागी काळा डाग पडलाय तो कशानं, आणि लग्नाआधी केस सरळ करायची केराटिन ट्रीटमेंट करू का.

बाई, तू लाल खूण आली त्याला घाबरलीस आणि जिच्यावर खूणच आली नाही ती तोंडाला लावत बसलीस. ॲप काय करतं, छापलेलं वाचतं. जे छापलंच नाही ते ते कुठनं वाचणार?

मी डॉक्टर नाही हे आधी सांगते. बीएस्सी केमिस्ट्री करून नऊ वर्षं क्रीम-शाम्पू-पावडर बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये क्यूसीला, म्हणजे माल तपासायच्या खात्यात होते, त्यानंतर गेली सोळा वर्षं सोलापुरातच पार्लर चालवतीय. म्हणजे बाटली भरली जाते तिथं पण उभी राहिलीय आणि ती बाटली लोकांच्या तोंडावर-डोक्यावर रिकामी होते तिथं पण. त्या हिशोबानं सांगते, औषधोपचाराचं डॉक्टरला विचारायचं.

तर आधी ती क्रीम. पंधरा दिवसांत जी क्रीम रंग दोन शेडनं उजळवते तिच्यात तीनपैकी एक गोष्ट असते, पारा, स्टेरॉइड नाहीतर हायड्रोक्विनोन हे डाग फिके करायचं औषध, आणि पुष्कळदा एकापेक्षा जास्त. चौथं काही मी तरी इतक्या वर्षांत बघितलं नाही. केशर, बदाम, मुलतानी असलं काहीही पंधरा दिवसांत एवढं काम करत नाही.

पाऱ्याचं असं आहे की कातडीला रंग देणारं मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं, पाऱ्याचे क्षार त्या एन्झाइमलाच बंद पाडतात. म्हणून गोरेपणा येतो, आणि खरा येतो, त्यात फसवणूक नाही, हेच तर वाईट आहे. पण पारा कातडीवर थांबत नाही. आत शिरतो, रक्तात जातो आणि किडनीत जाऊन बसतो. किडनीची जी गाळणी आहे ती खराब झाली की लघवीतनं प्रोटीन जायला लागतं, लघवीला साबणासारखा फेस येतो, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायावर चपलेचा वळ. लोकांना वाटतं उन्हाळा आहे, थकवा आहे. क्रीमकडं कुणाचं लक्षच जात नाही.

हे घाबरवायला सांगत नाही. केरळात मलप्पुरमकडच्या किडनीच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मध्ये मेम्ब्रेनस नेफ्रोपथी नावाच्या, किडनीच्या गाळणीच्या आजाराचे २२ पेशंट बघितले, त्यातल्या १५ जणांत एका विशिष्ट प्रकारचा, नेल-१ नावाच्या प्रोटीनशी जोडलेला आजार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं व्हायची क्रीम लावत होते. केरळ लांब वाटत असेल तर अकोला घे. २०२३ मध्ये बातमी आली होती, एकाच घरातल्या तिघी, मुलगी, आई आणि बहीण, तिघींच्या किडनीला त्रास, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. आणि ती क्रीम घेतली होती गावातल्या एका ब्यूटिशियनकडनं. ती बातमी वाचून त्या दिवशी मी पार्लरमधल्या सगळ्या डब्या ओट्यावर काढून एकेक लेबल वाचत बसले होते, खोटं नाही सांगत.

म्हणून तुझी आई पण तीच लावतीय हे वाचून मला धस्स झालं.

कायदा काय म्हणतो तेही सांगते. आपल्याकडं कॉस्मेटिक्स रूल्स २०२० आहेत. डोळ्यांच्या प्रॉडक्टमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून, म्हणजे माल टिकवायला, पाऱ्याला ७० पीपीएमपर्यंत सूट आहे, बाकी कुठल्याही कॉस्मेटिकमध्ये पारा घालायचाच नाही, चुकून कच्च्या मालातनं आला तरी १ पीपीएमच्या वर नको. १ पीपीएम म्हणजे किलोभर क्रीममध्ये १ मिलिग्रॅम. पण एवढ्याशा पाऱ्यानं कुणी गोरं होत नसतं, त्यामुळं जी क्रीम गोरं करते तिच्यात किती असेल ते तूच समज. लेबल असलं तरी सरळ पारा असं कुणी लिहीत नाही, कॅलोमेल, मर्क्युरिक आयोडाइड, सिनाबार असली नावं असतात, किंवा मग एक मजेशीर सूचना असते की ही क्रीम लावताना सोन्या-चांदीचे दागिने लांब ठेवा. अशी सूचना दिसली की डबी तिथंच खाली ठेवायची. पारा सोन्याला चिकटतो, सोनं पांढरट पडतं, बनवणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं म्हणून तो दागिन्यांची काळजी घेतो. बाईची नाही.

(यावरनं आठवलं, सोन्याची अंगठी लिपस्टिकवर घासा, काळं आलं तर शिसं आहे असा मेसेज दरवर्षी फिरतो. तो साफ खोटा. अंगठी कुठल्याही मेणकट गोष्टीवर घासली की काळपट रेघ येऊ शकते. लिपस्टिकमध्ये शिसं रंगाच्या खनिजांतनं थोडं येतं हे खरं, अमेरिकेच्या एफडीएनं ४०० लिपस्टिक तपासल्या होत्या तेव्हा सगळ्यात जास्त आलं ते ७ पीपीएमच्या आसपास आणि सरासरी १ च्या थोडं वर. आपल्याकडं मर्यादा २० पीपीएम आहे. दिवसातनं दोनदा लावायच्या लायसन्सवाल्या लिपस्टिकनं तुझं काही बिघडत नाही. वीस रुपयाला तीन वाली असेल तर ती मात्र मी तोंडाला लावणार नाही.)

आता स्टेरॉइड. इथं मला स्वतःबद्दल सांगायला पाहिजे. पार्लर टाकलं त्या पहिल्याच वर्षी एक सेल्समन यायचा, मोठ्या बरणीत पांढरी क्रीम, नाव नाही गाव नाही, म्हणायचा मॅडम फॉर्म्युला क्रीम आहे, डबीत भरून द्या, पन्नासला पडती दीडशेला विका. मी केमिस्ट्री शिकलेली बाई, क्यूसीत नऊ वर्षं घालवलेली, आणि मी ती विकली. तीन-चार महिने विकली. धंदा नवीन होता, गाळ्याचं भाडं अंगावर होतं, आणि बायका येऊन म्हणायच्या काय फरक पडलाय म्हणून. मग एप्रिल लागला. एक गिऱ्हाईक, शाळेत शिक्षिका, दुपारी सात रस्त्यावरनं स्कूटीवर यायची, तिचा चेहरा उन्हात गेलं की टोमॅटोसारखा लाल व्हायचा, आग आग व्हायची, हनुवटीवर बारीक पुरळ आणि गालावर लव. क्रीम बंद केली की चौथ्या दिवशी आणखी वाईट, परत लावली की शांत. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. बरणी घेऊन माझ्या जुन्या युनिटमधल्या ओळखीच्या माणसाकडं गेले, तो वास घेऊनच म्हणाला ताई यात बीटामेथासोनची ट्यूब कालवलीय कोल्ड क्रीममध्ये, टेस्ट कशाला करता. उरलेली फेकली, ज्यांना दिली होती त्यांना एकेकीला फोन केले. सगळ्या लागल्या नाहीत फोनवर.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधं आहेत, एक्झिमाला, सोरायसिसला डॉक्टर मोजून देतात आणि मोजून बंद करतात. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली की कातडी पातळ होते, खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, आणि कातडीला त्याची सवय लागते, अक्षरशः व्यसन. आपल्या देशात हे इतकं बोकाळलं की स्किनच्या डॉक्टरांनी अशा चेहऱ्याला टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस असं वेगळं नावच ठेवलंय, आणि २०१८ मध्ये सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. विकत मिळतात ते सोड. मेडिकलमध्ये जाऊन डागाची क्रीम द्या म्हणलं की बऱ्याचदा हातात पडते ती तीन औषधांची ट्यूब, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. ती वांगासाठी थोड्या दिवसांपुरतं डॉक्टर देतात. ते वर्षभर लावायचं फेसक्रीम नाही. तुझं लग्न आहे म्हणून एक जास्तीचं सांगते, ट्रेटिनॉइन दिवस राहिले असतील किंवा राहायची शक्यता असेल तर डॉक्टर टाळायला सांगतात, आणि पारा तर आईच्या रक्तातनं बाळापर्यंत पोचतो. ह्या गोष्टी सासरी जाऊन कळण्यापेक्षा आत्ता कळलेल्या बऱ्या.

तर तू काय कर, डबी फेकू नकोस. लावायची बंद कर, दोघींनी, आजच, आणि डबी झिपच्या पिशवीत बंद करून स्किनच्या डॉक्टरकडं घेऊन जा. स्टेरॉइड असेल तर बंद केल्यावर चेहरा लाल होईल, खाजेल, तेव्हा घाबरून परत लावू नकोस, त्यासाठीच डॉक्टर पाहिजे, ते उतरवत उतरवत नेतात. आणि मैत्रिणीला विचार कुठनं आणली, अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करता येते, सोलापुरात ऑफिस आहे.

आता तुझ्या शाम्पूकडं येते. तो निष्पाप आहे असं नाही पण तू त्याला फाशी द्यायला निघालीस.

शाम्पू, लोशन, क्रीम ज्याच्यात पाणी आहे त्याच्यात जंतू वाढणारच, भिजवलेल्या डाळीत वाढतात तसे. म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालावंच लागतं. पॅराबेन हे त्यातलं जुनं, स्वस्त आणि भरवशाचं. त्याची भीती पसरली २००४ मध्ये, इंग्लंडमधल्या एका अभ्यासात स्तनाच्या गाठींमध्ये पॅराबेन सापडलं तेव्हा. पण निरोगी भागात किती होतं हे त्यात मोजलेलं नव्हतं, आणि पॅराबेनमुळं गाठ झाली असं त्यात सिद्धही झालं नव्हतं. पॅराबेन इस्ट्रोजेनसारखं थोडंसं वागतं हे खरं आहे, म्हणून युरोपनं २०१४ मध्ये त्यातले पाच प्रकार बंद केले आणि प्रोपिल-ब्युटिलची मर्यादा ०.१४ टक्क्यावर आणली. मिथाइल पॅराबेन तिथंही चालतं, ०.४ टक्क्यापर्यंत. तुझ्या लोशनवर बहुतेक तेच असणार.

मग कंपन्यांनी काय केलं, पॅराबेन काढून मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं दुसरं घातलं, पुढं मोठ्या अक्षरात पॅराबेन-फ्री छापलं, आणि त्या नव्यानं इतक्या लोकांना ॲलर्जी झाली की अमेरिकेतल्या काँटॅक्ट ॲलर्जीच्या डॉक्टरांनी त्याला २०१३ चा ॲलर्जन ऑफ द इयर ठरवलं, पुढं युरोपनं अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनमधनं ते काढायलाच लावलं. आणि गंमत बघ, त्याच डॉक्टरांनी २०१९ मध्ये पॅराबेनला नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर केलं, म्हणजे ॲलर्जीच्या बाबतीत हे बिचारं सगळ्यात गरीब निघालं. त्यामुळं अमुक-फ्री वाचून खूश होऊ नये, अमुकच्या जागी तमुक काय घातलंय ते बघावं.

युनिटमध्ये असताना एक गोष्ट मी शिकले ती कुठल्याच लेबलवर नसते. आपल्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, सगळं बॅरलात साठवलेलं, आणि शाम्पू तळाला गेला की आपण काय करतो, बाटलीत त्याच बॅरलातलं पाणी घालून खळखळ हलवतो आणि आठवडाभर पुरवतो. मी पण करायचे. तसं केलं की प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होऊन निकामी होतं आणि बाटलीत जंतूंची शेती सुरू होते. डोक्यात पुळ्या, डोळे चिकटणं, याचं खापर मग शाम्पूच्या केमिकलवर. पाणी घालायचंच तर मगात त्या वेळेपुरतं घाल.

सल्फेटचं थोडक्यात, एसएलएस म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट कातडी कोरडी करतं, खाज आणतं, कॅन्सर करत नाही. तुझ्याकडं बोअरचं जड पाणी असेल तर केस राठ व्हायला ते पाणीच पुरेसं आहे. डोक्याला त्रास होत नसेल तर शाम्पू वापरून संपव.

आईच्या कपाळाचं. हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातला म्हणून मला जवळचा आहे. करमाळ्याकडचं केम हे कुंकवाचंच गाव, आणि पंढरपुरातनं येताना कुंकू-बुक्क्याची पुडी आणल्याशिवाय कुणी येत नाही. जुन्या पद्धतीचं कुंकू म्हणजे हळद, तिला लिंबाचा रस आणि टाकणखाराचा संस्कार, त्यानं लाल होतं, जरासं मातकट, गडद लाल. त्यानं सहसा कुणाला काही होत नाही. त्रास आहे तो झगझगीत, गुलाबीकडं झुकणाऱ्या स्वस्त कुंकवाचा, त्यात साधी पांढरी भुकटी आणि रासायनिक रंग असतो. चिमूटभर ओल्या पांढऱ्या कापडावर टाकून बघ, लगेच चमकदार गुलाबी डाग पसरत गेला तर तो रंगच आहे. ही घरगुती परीक्षा आहे, लॅब नाही, पण अंदाज येतो. ह्या रंगांची, नाहीतर कुंकवातल्या सुगंधाची ॲलर्जी काही बायकांत वेगळीच उठते, ना खाज ना पुरळ, नुसतं हळूहळू तपकिरी-काळं होत जातं, पिगमेंटेड काँटॅक्ट डर्मटायटिस म्हणतात. म्हणून तर वर्षानुवर्षं कळत नाही, वाटतं वय झालं, वांग आला. आणि मग त्या डागावर काय लावलं तुझ्या आईनं? तीच नाइट क्रीम. भगवंता!

त्यांना म्हणावं तीन महिने कपाळाला काही नको, ना कुंकू ना मेणाचं ना टिकली. मला माहितीय हे सांगणं किती अवघड आहे, आमच्या सासूबाईंना कपाळ मोकळं ठेव म्हणलं तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी त्यांनी भांगात जरा मागं लावायला सुरुवात केली, केसांत, कातडीला न लागेल असं. डाग उतरायला वेळ लागतो, डॉक्टर पॅच टेस्ट करून, म्हणजे कातडीवर पदार्थाच्या पट्ट्या लावून, नक्की कशाची ॲलर्जी ते काढू शकतात.

टिकली मी मुद्दाम म्हणलं. टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचा एक पदार्थ असू शकतो, तो रंग बनवणाऱ्या पेशीच मारतो. मग नेमका टिकलीएवढा गोल पांढरा डाग. माझ्याकडं एक मुलगी आली होती साखरपुड्याच्या आठ दिवस आधी, घरात कोड म्हणून रडारड, मुलाकडच्यांना सांगायचं का नाही यावर खल चाललेला. डाग इतका गोल होता की मी कंपासनं काढला असता. रात्री टिकली लावून झोपायची ती. डॉक्टरांनी टिकली बंद करायला लावली, औषध दिलं, रंग भरायला वर्ष गेलं पण भरला. सगळ्यांचा भरतोच असं नाही, म्हणून सुरुवातीलाच ओळखलेलं बरं. गड्ड्याच्या जत्रेत दहा रुपयाला पाकीट मिळतं म्हणून पोतंभर घेऊन ठेवणाऱ्या आपण, निदान झोपताना काढून आरशाला तरी चिकटवायची.

मेंदी आणि हेअर डाय बद्दल तू विचारलं नाहीस पण लग्नघर आहे, आई-मावश्या-आत्या सगळ्या डाय करणार म्हणून सांगते, आणि हे माझ्या हातावर लिहिलेलं आहे. शुद्ध मेंदीतला रंग लॉसोन, तो नारिंगी-लाल-तपकिरी एवढाच देतो. काळा देतच नाही. काळी मेंदी म्हणून जी पावडर मिळते, अर्ध्या तासात कुळकुळीत, तिच्यात पीपीडी असतं, पॅराफिनिलीनडायमीन, तेच जे डायमध्ये असतं. मी सुरुवातीची सहा-सात वर्षं हातमोज्याशिवाय डाय लावले, वाटायचं पकड येत नाही मोज्यात. आधी बोटांच्या बेचक्यात खाज, मग भेगा, मग एका दिवाळीत डोळे सुजून बंद, मान पाणावलेली. पीपीडीची ॲलर्जी एकदा बसली की जन्माची, उतरत नाही. आज माझे केस पांढरे आहेत ते फॅशन म्हणून नाही. आणि ती तेवढ्यावर थांबत नाही, सल्फाची औषधं, बधिर करायचं बेंझोकेन, काळ्या-निळ्या कापडाचे काही रंग यांच्याशी तिचं नातं निघू शकतं. आपल्याकडं टॉवेल-चादरीच्या रंगाई खात्यात काम करणारी माणसं आहेत, त्यांच्यातल्या कुणाला डाय उठला तर डॉक्टरला कामाचं जरूर सांगावं.

डायच्या पाकिटात एक घडी केलेला कागद असतो तो आपण कधीच उघडत नाही. त्यावर कायद्यानं छापावंच लागतं की आधी चाचणी करा, आणि भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. चाचणी म्हणजे कानामागं नाहीतर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावायचं आणि ४८ तास वाट बघायची, दर वेळी, गेल्या वेळी काही झालं नाही म्हणून सोडायची नाही. आणि हळदीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा डाय करू नका, एवढं ऐका. लहान पोरांच्या हाताला तो कालवलेला वाडगा लागू देऊ नका, पोटात गेला तर गळा सुजतो आणि किडनी जाते.

केराटिन. सरळ सांगते, करू नकोस. केस सरळ ठेवायला त्यातल्या बऱ्याच प्रॉडक्टमध्ये फॉर्मॅल्डिहाइड असतं, किंवा फॉर्मॅल्डिहाइड-फ्री लिहून मिथिलीन ग्लायकॉल असतं, जे दोनशे अंशाच्या इस्त्रीखाली आलं की फॉर्मॅल्डिहाइडच सोडतं. जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेच्या, आयएआरसीच्या, यादीत ते पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे नक्की झालेल्यात. तुझ्यापेक्षा ते करणाऱ्या पोरीला जास्त, दिवसाला तीन गिऱ्हाइकं, एसी म्हणून दार बंद, डोळ्यांतनं पाणी. मग नवीन आलं, फॉर्मॅल्डिहाइड खरंच नसलेलं, ग्लायऑक्झिलिक ॲसिडचं. आम्ही सगळ्या खूश. तर इस्राएलमध्ये केस सरळ केल्यानंतर किडनी एकदम बसलेल्या २६ बायका नोंदवल्या गेल्या, आणि २०२४ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या मुलीचं छापलं, तीन वर्षांत तीनदा ट्रीटमेंट, तिन्ही वेळा त्याच दिवशी उलट्या, कंबरदुखी आणि किडनीला धक्का. ते ॲसिड डोक्याच्या कातडीतनं आत गेलं की ऑक्झलेटचे बारीक स्फटिक किडनीत साचतात असं दिसलंय. ते वाचल्यापासून मी बंद केलं. महिन्याला चांगले पैसे जातात माझे, शेजारची करते आणि माझी गिऱ्हाइकं तिकडं जातात, काय करणार.

लेबल वाचायचंच असेल तर ॲपच्या आधी चार गोष्टी बघ, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. बाहेरच्या देशाचं असेल तर इथल्या आयात करणाऱ्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर. घटकांची यादी जास्त ते कमी अशी असते, एक टक्क्याच्या खालचे मात्र कशाही क्रमानं, त्यामुळं बदाम तेल शेवटून तिसरं असेल तर ते नावापुरतं. आणि एक फट अशी आहे की ६० मिलीच्या खालची बाटली आणि ३० ग्रॅमच्या खालची डबी यांना ती यादी छापायची सक्तीच नाही. आपल्या बहुतेक फेअरनेस क्रीमच्या डब्या कितीच्या असतात बघ जरा. सुगंध तर कितीही पदार्थांचा असला तरी एका शब्दात मावतो. त्यामुळं डिओनं काख काळी पडली असेल तर डिओ बदलण्यापेक्षा महिनाभर बंद करून बघ.

हर्बलला भुलू नकोस तेवढंच. लिंबू तोंडाला चोळून आपल्या ४२-४३ डिग्रीच्या उन्हात बाहेर पडलेली पोरगी मी बघितलीय, गालावर भाजल्यासारखे पट्टे, लिंबातला एक घटक उन्हात कातडी जाळतो. तेही झाडावरचंच.

लग्नापर्यंत काय लावू म्हणशील तर साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि छत्री. शेवटचे तीन आठवडे नवीन काहीच नाही, माझ्या पार्लरचं सुद्धा नाही. मेकअपवालीचं फाउंडेशन महिनाभर आधी कानामागं लावून बघ. चार महिन्यांचा उजाळा उतरेल थोडा, फोटोत तुझा तुला रंग दिसेल, हळदीच्या दिवशी सगळ्या पिवळ्याच दिसतात नाहीतरी.

आणि उद्या सकाळी उपाशी राहायची गरज नाही काही नाही, दोघींनी जवळच्या लॅबमध्ये जाऊन लघवीची साधी रुटीन तपासणी आणि रक्तातलं क्रिएटिनिन, किडनी कशी चालतीय ते सांगणारं, करून घ्या, आईची आधी, कारण त्यांचं वय जास्त. लघवीत प्रोटीन आलं तर स्किनवाल्याकडं न जाता आधी किडनीच्या डॉक्टरकडं, आणि तिथं क्रीमचं नाव स्वतःहून काढायचं, रक्तातला पारा तपासायचा का ते ते ठरवतील. आईच्या पायाला संध्याकाळी सूज असते का, हे तू लिहिलंच नाहीस. विचार आणि मला कळव.